खुर्चीचे पुढचे पाय

वहिनीने रद्दीचा गठ्ठा सोडला आणि दिवाणखान्याच्या फरशीवर वर्तमानपत्रं पसरायला घेतली. नवा गालिचा आणायचा होता. जुना फारच लहान होता. हत्तीच्या पाठीवर हातरुमाल टाकावा तसा तो कोचासमोर पडलेला असे. या वेळी आधी कागदावर माप बसवायचं आणि मगच दुकानाची पायरी चढायची, असं तिने ठरवलं होतं.

मोजपट्टीचं दुसरं टोक ताईंनी धरलं होतं. ताई तिची थोरली नणंद. निवृत्त होईपर्यंत त्या एका प्रयोगशाळेत तराजू तपासायच्या कामावर होत्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा महिनाभरासाठी म्हणून धाकट्या भावाकडे आल्या आणि राहून गेल्या. त्यांना जा असं कोणी म्हटलं नव्हतं. राहा असंही कोणी म्हटलं नव्हतं. आता एका मैत्रिणीच्या घरातली वरची खोली रिकामी झाली होती आणि येणार की नाही ते आज संध्याकाळपर्यंत तिला कळवायचं होतं. घरात हा विषय ताईंनी काढलाच नव्हता.

"आधी पाच बाय आठ बघू," वहिनी म्हणाली. "दुकानातली बाई सांगत होती, बसायच्या प्रत्येक वस्तूचे निदान पुढचे पाय तरी गालिच्यावर हवेत. मागचे बाहेर राहिले तर चालतं. नाहीतर म्हणे खोली विस्कटलेली दिसते."

"खोली, की खोलीतली माणसं?"

"ते नाही सांगत दुकानात."

कोचाचे पुढचे पाय कागदावर आले. समोरच्या दोन्ही खुर्च्यांचेही आले. खिडकीजवळची ताईंची खुर्ची तेवढी बाहेर राहिली, चांगली हातभर. येताना त्यांनी स्वतःच्या सामानातली ही एकच वस्तू आणली होती.

राहायचं की जायचं हे गालिच्याच्या मापावरून ठरवू नये, एवढं शास्त्र ताईंना येत होतं. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणाऱ्या हाताखालच्या मंडळींना त्यांनी अनेकदा फैलावर घेतलं होतं. तरी कान वहिनीकडेच होता.

"छे, लहान पडतोय," वहिनी म्हणाली आणि तिने आणखी कागद ओढले.

"अगं, माझी खुर्ची पुढे घे ना. माप कशाला वाढवतेस?"

"आणि उजेड? मग पुस्तक नाकाला लावून बसाल आणि डोळे दुखतात म्हणून मलाच सांगाल. धरा टोक."

आठ बाय दहामध्ये सगळं बसलं. चारही बाजूंनी फिरून वहिनीने मान हलवली. तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली आणि भाऊ कामावरून आला. दार आत उघडलं तसे कागद त्याच्याबरोबर गोळा होत फरफटत आले. दोघींनी सगळी मापं दार बंद असतानाच घेतली होती. जन्मभर इतरांच्या चुका शोधलेल्या ताईंना आपली स्वतःची लाज वाटली.

"मी घरी यायचं नाही असं ठरलंय का?" भावाने फटीतूनच विचारलं.

वहिनीने त्याला आत घेऊन सगळं समजावलं.

"मग पाच बाय आठ आणा. मिटलं."

"ताईंची खुर्ची बाहेर राहते त्यात."

"राहू दे की."

"नको. त्यापेक्षा दार खालून तासून घेऊ."

"एका खुर्चीसाठी दार तासायचं?"

प्यायला पाणी मागावं इतक्या सहज तो बोलला आणि बूट काढायला वाकला. त्याच्या मनात वावगं काही नाही हे ताईंना माहीत होतं. लहानपणापासून त्याच्या मनात असेल तेच तोंडात यायचं. आणि मनातही फारसं काही नसायचं.

"त्याचं बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "शिवाय खुर्ची राहील असंही नाही." आणि त्यांनी खोलीचं सांगितलं.

भाऊ एक बूट हातात धरून उभा राहिला. "हे आम्हाला कधी कळणार होतं?"

"आज संध्याकाळी."

"तुला कोणी काही बोललं का?"

"कोणीच काही बोललं नाही."

वहिनी चुरगळलेले कागद सरळ करत होती. तिने वर पाहिलं नाही. "जायचं तर जा, ताई. हातापाया पडणाऱ्यांतली मी नाही. पण तुम्ही गेलात की मला एकटीला या माणसाशी बोलत बसावं लागणार. दोन वाक्यांत यांचा दिवस संपतो."

"तीन," भाऊ म्हणाला.

"बघा. झाली आजची."

ताईंना हसू आलं. भाऊ खुर्चीकडे पाहत होता. मग त्याने बूट खाली ठेवला, दारापाशी गुडघे टेकले आणि खालच्या फटीत बोट घालून पाहिलं. बोट अडकलं.

"ताई, किती तासावं लागेल गं?" लहानपणी गणित अडलं की तो असंच विचारायचा.

"गालिचा किती जाड आहे ते कळल्याशिवाय कसं सांगू? आणि बंद दाराची फट मोजून उपयोग नाही. फरशी पुढे चढी असली तर?"

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि मैत्रिणीला फोन लावला. खोली दुसऱ्या कोणाला दे, म्हणाल्या. मैत्रिणीने कारण विचारलं. सांगण्यासारखं कारण त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून "इथेच राहतेय" एवढंच म्हणाल्या.

बाहेर आल्या तेव्हा भाऊ उघड्या दाराखाली पालथा पडून आकडा सांगत होता, वहिनी त्याच्या डोक्याशी बसून तो खोडून काढत होती, आणि मोजपट्टी दोघांनी दोन टोकांना धरली होती.

"सरका," ताई म्हणाल्या.