सात जास्तीचे विजय

काडी + दाढी
एकत्र शर्यती ७१. विजय १६. टक्के साडेबावीस.

काडी हा जॉकी, दाढी हा ट्रेनर. रेसबुकात त्यांची खरी नावं छापलेली असतात, आमच्या घरात ती कुणी घेत नाही.

माझे सासरे अडतीस वर्षं ग्रंथपाल होते. वाचनालयात संगणक आला तेव्हा पुस्तकांच्या कार्डांचं लाकडी कपाट भंगारात निघालं. त्यातले सहा खण बाबांनी घरी आणले. आता त्यांत पुस्तकं नाहीत, जोड्या आहेत. कोणता जॉकी कोणत्या ट्रेनरच्या घोड्यांवर किती वेळा बसला आणि किती वेळा पहिला आला. घोड्याचं नाव कार्डावर येतच नाही.

"घोडा तीन-चार वर्षं पळतो आणि जातो," बाबा म्हणतात. "टिकते ती माणसांची सवय. एकानं तयार करायचं, दुसऱ्यानं पळवायचं. संसारच आहे तो."

नियम असे. पन्नासपेक्षा कमी शर्यती असतील तर त्या जोडीकडे बघायचं नाही. टक्के विसाच्या खाली असतील तरी नाही. शनिवारी एकच तिकीट घ्यायचं, सगळ्यात स्वस्त. जायचं एकट्यानं, बसनं.

सासूबाई गेल्यापासून त्या शेवटच्या नियमावरच बाबांचा आठवडा उभा आहे. शुक्रवारी रात्री ते बूट पुसून ठेवतात.

नणंद + बाबा
वाद: मोजदाद नाही. बाबांचे विजय: एक, तोही जुना.

ताई माझ्या नवऱ्याहून मोठ्या, शाळेत गणित शिकवतात. बुधवारी संध्याकाळी आल्या, पर्स खांद्यावरून काढायच्या आधी टेबलावरचं रेसबुक उचललं आणि लाल पेन शोधायला लागल्या. सवयच आहे. कागद दिसला की तपासायचा.

"बाबा, शनिवारी काडी का?"

"चौथी शर्यत. दाढीचा घोडा. साडेबावीस टक्के."

"इथं छापलंय, बावन्न शर्यती, नऊ विजय. म्हणजे सतरा टक्के. तुमच्या कार्डावर एकाहत्तर आणि सोळा कुठून आले?"

बाबांनी कार्ड हातात घेतलं. चष्मा वर केला, खाली केला.

"असतील," ते म्हणाले.

"असतील म्हणजे? सात विजय काय झाडावरून पडले?"

"मास्तरीणबाई, मी तुमच्या वर्गात नाही."

"विषय बदलू नका. आज वार कोणता?"

बाबा उठून गॅलरीत गेले. मला त्या क्षणी ताईंचा इतका राग आला, की मी चहात साखर दोनदा घातली. पण राग आला तरी भीती त्यांचीच खरी होती, कारण तीन आठवड्यांपूर्वी

गॅस

स्वयंपाकघरात गॅस चालू सापडला. वर भांडं नाही, काही नाही, नुसती निळी ज्योत. घरात त्या वेळी बाबा होते. ते म्हणाले, मी लावला नाही. नंतर म्हणाले, लावला असेल बुवा, तुम्ही म्हणताय तर.

ते "तुम्ही म्हणताय तर" ताईंच्या मनात रुतून बसलं होतं. आता हे कार्ड. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून सोमवारची वेळ घेतली, विस्मरणाच्या डॉक्टरांची. सोमवारपर्यंत एकट्यानं बाहेर जायचं नाही, शनिवार बंद. आणि डॉक्टरांकडे विस्मरणच निघालं, तर मुक्काम ताईंकडे.

"चौथा मजला आहे, पण लिफ्ट आहे. खाली वॉचमन आहे," ताई म्हणाल्या.

"वॉचमन कशाला?" बाबांनी गॅलरीतून विचारलं.

माझा नवरा मान खाली घालून वाटाणे सोलत बसला. वाटाणे संपले होते, तो सालं सोलत होता.

मी + डोळे

मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. म्हणून माझी पहिली आशा अगदी माझ्या धंद्यातली होती: बाबांना आकडे नीट दिसत नसतील. एकाचं सात दिसत असेल. गुरुवारी सकाळी त्यांना दुकानात नेलं, आतल्या अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेका, कपाळ लावा, हिरव्या दिव्याकडे बघा.

नंबर तोच. दोन्ही डोळ्यांचा. शेवटची ओळ त्यांनी उलटीही वाचून दाखवली.

इतका चांगला निकाल लागून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. काच बदलता येते.

"सूनबाई," बाबा म्हणाले. हनुवटी अजून पट्टीवर होती, त्यामुळे ते दात न उघडता बोलल्यासारखं बोलत होते. "ते सात विजय. मलाही आठवत नाहीत."

मी दिवा बंद करायची थांबले.

"अक्षर माझं आहे, शाई माझी आहे. काल रात्रभर विचार केला. कुठून आणले, का आणले, काही नाही. कोरं. ताईला सांगू नकोस." मग जरा वेळानं, "का, सांगायला हवं?"

"आधी शोधू या," मी म्हणाले.

"आणि सापडले नाहीत तर?"

"हनुवटी काढा आता. पट्टीचा वळ उठेल."

बाबा + मी
वाद: शून्य. (म्हणून टक्के काढता येत नाहीत.)

शुक्रवारी मी अर्धा दिवस रजा घेतली. बाबांच्या पलंगाखाली चार वर्षांची रेसबुकं सुतळीनं बांधून ठेवलेली होती. आम्ही दोघं जमिनीवर बसलो. ते पानं उलटायचे, काडी दिसला की थांबायचे, ट्रेनर वाचायचे. दाढी असेल तर मी कागदावर रेघ ओढायची, जिंकला असेल तर रेघेवर गोल.

पहिल्या वर्षाच्या रेघा एकवीस. गोल तीन.

दुसऱ्या वर्षाच्या सतरा. गोल चार.

तिसऱ्याच्या आठ, चौथ्याच्या सहा. गोल एक आणि एक.

बावन्न. नऊ.

छापील आकडा बरोबर होता. बाबांनी पुस्तक मिटलं आणि त्यावर हात ठेवला.

"संपलं," ते म्हणाले. "ताईचा लाल पेन बरोबर."

मी कागदाकडे बघत बसले. रेघांच्या खाली मी महिने लिहिले होते, तारखांचा घोळ नको म्हणून. तिसऱ्या वर्षाच्या मधोमध सलग तीन महिने रिकामे होते.

"बाबा, काडी या तीन महिन्यांत आजारी होता?"

"छे. रोज पळवत होता."

"मग दाढीच्या घोड्यावर एकदाही का बसला नाही?"

"भांडण झालं असेल."

"दाढीच्या दुसऱ्या घोड्यांवर कोण होतं?"

बाबांनी ती पुस्तकं पुन्हा उघडली. या वेळी काडी शोधला नाही, दाढी शोधला. एक पुस्तक. दुसरं. पाचवं. दाढीचा एकही घोडा नव्हता. तबेल्यात चाळीस घोडे असलेल्या माणसाचा तीन महिने एकसुद्धा नाही. आणि काडीच्या नावासमोर, ट्रेनरच्या रकान्यात, एक नाव परत परत येत होतं जे त्याआधी कधी नव्हतं आणि त्यानंतर कधी आलं नाही.

बाबांनी त्या नावावर बोट ठेवलं. ओठ हलले. मग त्यांचा चेहरा असा मोकळा झाला, जसा अडकलेला खण एकदम बाहेर यावा.

"सावली!"

"कोण?"

"सावली गं! दाढीचा मदतनीस. सदा त्याच्या मागे एक पाऊल, म्हणून मीच नाव ठेवलं होतं. दाढीच्या एका घोड्याच्या रक्तात नको ते औषध सापडलं, परवाना तीन महिने गेला. मग घोडे कुणाच्या नावानं पळवायचे? मदतनिसाच्या. तबेला तोच, चारा तोच, पहाटेचा सराव तोच. दाढी कुंपणाबाहेर छत्री घेऊन उभा राहायचा आणि आतला माणूस त्याच्या छत्रीकडे बघून घोडे सोडायचा. मी बघितलाय! छापणाऱ्यांनी नाव बदललं म्हणून मी कसं बदलू?"

मी घाईघाईनं रेघा ओढत होते. एकोणीस. गोल मोजले. पुन्हा मोजले.

सात.

"आम्ही वाचनालयात हेच करायचो," बाबा आता थांबायला तयार नव्हते. "एखाद्यानं चार पुस्तकं टोपणनावानं लिहिली, तरी ती त्याच्या खऱ्या नावाखालीच लावायची. वाचकाला माणूस हवा असतो, मुखपृष्ठ नको. मी सावलीची सगळी कार्डं दाढीत मिसळली. बरोबरच केलं. फक्त तशी नोंद कार्डावर टाकायला हवी होती, ती टाकली नाही. अडतीस वर्षांत शिकाऊ मुलीला असं करताना पकडलं असतं तर दिवसभर बोललो असतो."

"स्वतःला बोला मग."

"बोलतो. उद्या."

आणि ते हसायला लागले. मीही. पुस्तकांच्या ढिगात बसून, कारण नसल्यासारखं. कारण होतं.

फोन

"ताई, बावन्न अधिक एकोणीस?"

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"सांगा तर."

"एकाहत्तर."

"नऊ अधिक सात?"

"सोळा," ताई म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं, छत्रीसकट. बाबांना आठवलं नव्हतं, हेही सांगितलं, कारण ते सांगायला बाबांनीच खूण केली.

"दीड वर्षापूर्वीची गोष्ट आठवली नाही," ताई सावकाश म्हणाल्या. "मला तर कालचे गृहपाठाचे प्रश्न आठवत नाहीत." नाक ओढल्याचा आवाज आला. "पण मग गॅस?"

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. नवरा नुकताच कामावरून आला होता, एक मोजा काढलेला, एक पायात.

"तो मी," नवरा म्हणाला.

"काय तो तू?"

"गॅस. दूध तापवायला लावला, तेवढ्यात फोन आला, दूध फ्रिजमध्येच राहिलं आणि मी निघून गेलो. मग तुम्ही सगळे बाबांकडे बघायला लागलात, आणि बाबा म्हणाले, लावला असेल, तर मी... आज सांगतो, उद्या सांगतो असं करता करता..."

"तीन आठवडे?" मी.

"तीन आठवडे?" फोन.

बाबांनी मुलाकडे पाहिलं. आम्ही दोघी आता त्याचं काय करतो याची त्यांना उत्सुकता होती.

"मला वाटलं, माझ्याच हातून झालं," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. "गाढवा, रोज झोपताना तीनदा बटण बघायला उठतोय मी."

नवऱ्यानं दुसरा मोजा काढला आणि बाबांच्या पायाशी येऊन बसला. बाबांनी त्याच्या टाळूवर एक टपली मारली. बेचाळीस वर्षांच्या माणसाला टपली मारताना हात जरा उंच न्यावा लागतो, तो बसलेला असला तरी.

सोमवार

राहणार होता, डॉक्टरांकडे जायचा. बाबाच म्हणाले, रद्द करू नका. "नळ गळत नसला तरी प्लंबर एकदा बघून जातो. बघू दे डोकं." पण चौथ्या मजल्याचं बोलणं ताईंनी स्वतःहून मागे घेतलं. लिफ्ट फार बंद पडते म्हणाल्या.

चौथी शर्यत

शनिवारी ताई आल्या. आयुष्यात पहिल्यांदा रेसकोर्सवर. मलाही ओढून नेलं. "मला ते टक्के पळताना बघायचेत," असं कारण दिलं. खरं कारण आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि बाबांनी मोठ्या मनानं माहीत नसल्यासारखं केलं.

घोडे सुटले. काडी लाल टोपीत होता, बाहेरच्या बाजूनं. वळणावर तो पाचवा होता, मग चौथा. ताई उभ्या राहिल्या. मग बाकावर चढल्या. सहावीच्या मुलांना ज्या आवाजात गप्प बसवतात त्या आवाजात त्या ओरडत होत्या, "पुढे! अरे पुढे हो! बाहेरून काय बघतोस!"

तिसरा.

"हरला!" ताई बाकावरून उतरल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "बाबा, तुमचं बरोबर होतं तरी हरला!"

"शंभरात सत्याहत्तर वेळा हरतोच तो," बाबा म्हणाले. "बरोबर असण्याचा आणि जिंकण्याचा तसा काही संबंध नसतो. हे तू मुलांना शिकवत नाहीस?"

"अभ्यासक्रमात नाही."

"घाल मग."

त्यांनी तिकीट फाडलं नाही, दुमडून खिशात ठेवलं. बूट पुसलेले होते, त्यावर धूळ बसली होती. ते उठले.

"मी जरा घोडे बघून येतो. परतताना त्यांना फिरवतात तिकडे."

"मी येऊ?" ताईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच जीभ चावली.

"तुला घोड्यांतलं काय कळतं?"

ते निघाले. पायऱ्या उतरले, कठड्याजवळच्या गर्दीत शिरले. करडी टोपी दिसली, मग दोन करड्या टोप्या दिसल्या, मग एकही नाही. ताई अर्ध्या उठल्या. गुडघे वाकलेले, एक हात पुढच्या बाकावर. खाली पाचव्या शर्यतीचे घोडे बाहेर येत होते, लोक त्यांच्याकडे बोटं दाखवत होते, आणि त्या गर्दीत कुठे तरी आमचा माणूस त्याला हवं तिकडे चालला होता.

ताई परत बसल्या. सँडलचे पट्टे सोडले, पाय बाहेर काढले आणि बोटं हलवून बघितली.

"किती वेळ लागतो गं त्यांना?"

"लागेल तेवढा."

"हं," ताई म्हणाल्या. आणि बाकाला टेकून त्यांनी डोळे मिटले.