पुढच्या डब्यातला कप

वाल्ट्राउटच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मोटारीने जायचं की रेल्वेने, हा प्रश्न आमच्या घरात आपण होऊन कधीच निघाला नसता. लोथार असताना तो निघत नाही. लोथार म्हणजे माझी बहीण रोझमारी हिचा नवरा. रोझमारी गेल्यापासून आम्ही दोघे म्हातारे एकाच घरात राहतो. तो खाली, कारण गॅरेज खाली आहे. मी वर, कारण पुस्तकं वर आहेत. वाल्ट्राउट ही त्याची धाकटी बहीण. ती डोंगरापलीकडे ओबरहाइनला असते. मोटारीने तासाभराचा रस्ता, रेल्वेनेही जवळजवळ तेवढाच. पण रेल्वेने किती वेळ लागतो हे लोथारला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

त्याने जन्मभर इथल्या कारखान्यात मोटारींना दारं बसवली. दार लागल्याचा आवाज ऐकून तो मोटारीची कुंडली सांगतो. आमच्याकडे त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे. लोथारने मुलगा झाला तेव्हा नाव नोंदवलं. मोटार दारात आली तेव्हा मुलगा दाढी करू लागला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या मोटारींना दारं लावायची आणि संध्याकाळी सायकलने घरी यायचं, असं त्याने इतकी वर्षं केलं. त्यामुळे मोटार असताना रेल्वेने जाणं हे त्याला घरात ताट वाढलेलं असताना शेजाऱ्याकडे जेवायला जाण्यासारखं वाटतं. मला हे समजतं. मला बऱ्याच गोष्टी समजतात. त्यांचं पुढे काय करायचं ते मात्र समजत नाही.

त्याची नात वेन्के हिने रेल्वेत चालकाची नोकरी धरली, तेव्हा तो भांडला नाही. त्याने तिच्यासाठी कारखान्यात जागेचं बोलून ठेवलं होतं. ती नको म्हणाली. तो "बरं" म्हणाला आणि गॅरेजमध्ये गेला. त्यानंतर पत्त्यांच्या टेबलावर कोणी विचारलं, तर "रेल्वेत आहे" एवढंच सांगायचा. एखाद्याचं माणूस इस्पितळात आहे हे सांगावं, तसं.

वाढदिवसाच्या आठवड्यात वेन्के माझ्याकडे आली. पुस्तक परत करायचं निमित्त होतं. तिच्या बापाचं ऐकून तीही मला मामाच म्हणते.

"एकार्टमामा, रविवारी दुपारी डोंगराकडे जाणारी गाडी माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "आजोबाला घेऊन ये ना."

"मी? अगं, मी पस्तीस वर्षं वाचनालयात होतो. लोकांना पुस्तकं वेळेवर परत करा एवढंसुद्धा मला पटवता आलं नाही."

"म्हणून तर तुला सांगतेय. तुझा त्याला संशय येणार नाही."

मी हसलो. ती हसली नाही. "तो एकदाही बसला नाही रे माझ्या गाडीत. पुढच्या महिन्यात मला वर समुद्राकडच्या मार्गावर टाकतायत. मग राहिलंच ते. त्याने शाबास म्हणावं असं नाही. नुसता बसला तरी पुरे."

मग तिने नीट समजावलं. लाउटरफेल्डला आमची गाडी तोडतात. पुढचा भाग डोंगर उतरून स्टाइनझेला जातो, मागचा ओबरहाइनला. ती पुढच्या भागात असणार. आम्ही लाउटरफेल्डपर्यंत तिच्यामागे बसायचं आणि तिथे उतरून मागच्या भागात जायचं. "विसरू नकोस हं," ती म्हणाली. मी विसरणाऱ्यांतला नाही. मी आठवत बसणाऱ्यांतला आहे.

शनिवारी लोथार मोटार धुऊन आणून अंगणात चामड्याच्या फडक्याने पुसत होता. मी खाली उतरलो. मी मुद्दे तयार केले होते.

"उद्या पाऊस आहे म्हणतात," मी म्हणालो.

"मोटारीला छप्पर आहे."

"वाल्ट्राउटकडे आलुबुखाराची दारू असते. दर वर्षी तू बिचारा सोड्याचं पाणी पीत बसतोस."

"मला सोड्याचं पाणी आवडतं."

"रस्त्यात वळसा घातलाय. पुलाचं काम चाललंय."

"तुला कसं माहीत? तू गाडी चालवत नाहीस."

"वाचलं."

"हां. वाचलं." त्याने फडकं पिळलं. "एकार्ट, तुला काय हवंय ते बोल. तू शब्दकोशासारखा बोलायला लागलास की मला झोप येते."

माझे मुद्दे संपले होते. म्हणून मी खरं ते सांगितलं. "दुपारची गाडी वेन्के चालवणार आहे."

बॉनेटवरचा एकच भाग तो पुनःपुन्हा पुसत राहिला. मग म्हणाला, "तू काय काचेचा आहेस? उजेड अडवून उभा राहिलायस. बाजूला हो."

मी वर गेलो आणि रात्री वेन्केला फोन करून काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत राहिलो. एकही धड जुळलं नाही.

रविवारी जेवण झाल्यावर लोथार जिन्याखालून ओरडला, "येतोस की नाही? स्टेशनपर्यंत चालत जायचंय." त्याने काळा कोट घातला होता. एका हातात वाल्ट्राउटसाठी फुलं, दुसऱ्यात पिशवी. पिशवीत थर्मास आणि रोझमारीच्या सेटमधला निळ्या नक्षीचा चिनीमातीचा एक कप होता.

"कप कशाला?" मी विचारलं.

"मी कागदाच्या पेल्यातून कॉफी पीत नाही."

हे खरं होतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही. वाटेत त्याने मला बजावलं, "जाताना फक्त. येताना डेटलेफ सोडेल." डेटलेफ हा वाल्ट्राउटचा मुलगा.

आम्ही अगदी पुढच्या डब्यात, चालकाच्या मागे बसलो. मध्ये गडद काच होती. तिच्यातून वेन्केची पाठ आणि केसांचा अंबाडा दिसत होता. फलाटावर आम्हाला चढताना तिने पाहिलं असावं, पण ती वळली नाही. दार बंद झालं. लोथारने मान तिरकी करून ऐकलं.

"रबर जुनं झालंय," तो म्हणाला.

मग त्याने खिडकीखालच्या छोट्या फळीवर कप ठेवला आणि थर्मासमधून कॉफी ओतली. ओतत राहिला. कॉफी काठापर्यंत आली तरी तो थांबला नाही. काठाच्या वर तिचा फुगवटा आला तेव्हा थांबला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

वेन्के मोटार शिकत होती तेव्हा रविवारी लोथार तिला कारखान्याच्या मोकळ्या आवारात न्यायचा. समोरच्या काचेखाली काठोकाठ भरलेला कप ठेवायचा. सांडला की वेन्केने उतरून पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. "गाडी चालवता सगळ्यांना येते," तो म्हणायचा, "थांबवता आली पाहिजे." ती रडकुंडीला यायची. पुढे परीक्षेत तिचा परीक्षक म्हणाला होता की गाडी कधी थांबली ते त्याला कळलंच नाही.

गाडी निघाली. कॉफी थरथरली, काठाशी आली, आत गेली. पहिलं स्टेशन आलं. लोथार बाहेर पाहत नव्हता. हात गुडघ्यांवर ठेवून तो कपाकडे पाहत होता. मीही पाहू लागलो. गाडीचा वेग हळूहळू उतरला आणि शेवटी, जिथे सगळ्या गाड्या एक हिसका देतात तिथे, काहीच झालं नाही. बाहेरचा फलाट तेवढा स्थिर झाला होता.

दुसऱ्या स्टेशनवरही तसंच. तिसऱ्यानंतर लोथार म्हणाला, "सपाट आहे. सपाटीवर कोणालाही जमतं."

पलीकडच्या बाकावरच्या बाई केव्हापासून आमच्याकडे पाहत होत्या. "अहो, पिऊन टाका ना," त्या म्हणाल्या. "सांडेल."

"नाही सांडणार," लोथार म्हणाला. "बसा निवांत."

मग वेन्केचा आवाज डब्यात आला. लाउटरफेल्ड येत आहे. इथे गाडीचे दोन भाग होतील. पुढचा भाग स्टाइनझेला, मागचा भाग ओबरहाइनला जाईल. कृपया आपण योग्य भागात आहोत याची खात्री करावी.

"घरी पुटपुटते," लोथार म्हणाला. "इथे शब्दन् शब्द कळतोय."

मी छत्री आणि फुलं उचलली. "चल. आपल्याला मागे जायला हवं."

तो हलला नाही.

"लोथार, मागचा भाग ओबरहाइनला जातो. हा स्टाइनझेला."

"मी बहिरा नाही."

"वाल्ट्राउट कॉफीसाठी आपली वाट पाहत असेल. तू कधी उशिरा गेला नाहीस. ती पोलिसांना फोन करेल."

"करू दे. पोलिसांना रविवारी काय काम असतं?" आणि मग, कपावरची नजर न काढता, "एकार्ट, उतार तर पुढेच आहे."

मागे कुठेतरी जोडणी सुटल्याचा ठोका ऐकू आला. मी पुन्हा खाली बसलो. मी आयुष्यात कधी चुकीच्या गाडीत बसलो नव्हतो. जाणूनबुजून बसणं तर माझ्या कल्पनेबाहेर होतं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

लाउटरफेल्डच्या पुढे रूळ जंगलातून खाली उतरतो, वळणं घेत. ऑक्टोबर होता आणि रात्रभर पाऊस झाला होता. बीचच्या झाडांची ओली पानं रुळांवर पडून चिकटलेली. अशा दिवशी चाकं साबणावरून घसरावीत तशी घसरतात, हे मी वाचलं होतं, पण बोललो नाही. काचेपलीकडे वेन्केचा खांदा जरा पुढे झुकला. ती फार आधीपासून वेग उतरवू लागली, इतकी आधी की मला कारणच दिसेना. मग वळण आलं आणि कारण दिसलं. कॉफी एका बाजूला कलली, काठावर उभी राहिली आणि सावकाश परतली. लोथारच्या ओठांची हालचाल होत होती. तो तिच्याबरोबर ब्रेक लावत होता.

शेवटच्या वळणावर एक थेंब काठावरून निसटला. तो कपाच्या निळ्या नक्षीवरून ओघळून फळीवर पडला. लोथारने खिशातून रुमाल काढला, फळी पुसली, कपाची बाजू पुसली आणि रुमाल परत खिशात ठेवला. मग त्याने पलीकडच्या बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मग माझ्याकडे.

"तिथे रूळच खचलाय," तो म्हणाला.

"असेल," मी म्हणालो.

स्टाइनझेला रूळ संपतो. वेन्के पिशवी घेऊन उतरली. परतीसाठी तिला गाडीच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं. आम्ही फलाटावर उभे होतो, लोथार दोन्ही हातांत कप धरून.

"आजोबा," ती म्हणाली, "ओबरहाइन मागच्या भागात होतं. मी सांगितलेलं ऐकलं नाहीस का?"

"ऐकलं. स्पष्ट होतं."

"मग इथे काय करतोयस?"

त्याने कप पुढे केला. "गार झालीये," तो म्हणाला. "पण आहे सगळी."

वेन्केने कपाकडे पाहिलं. मग तिने दोन्ही हातांनी कप घेतला, जपून, एक थेंब न सांडता, आणि ती गार, कडू कॉफी शेवटपर्यंत प्याली. लोथारला कॉफीत साखर चालत नाही आणि वेन्केला साखरेशिवाय चालत नाही, पण तिने तोंड वाकडं केलं नाही.

"दाराचं रबर बदलायला सांग त्यांना," लोथार म्हणाला. "आणि वर समुद्राकडे गेलीस की लिहून कळव, कुठली गाडी कधी असते. मी येईन."

ती "बरं" म्हणाली आणि भरभर दुसऱ्या टोकाकडे गेली, कारण गाडी सुटायची होती. अर्ध्या वाटेत तिने एकदा बाहीने डोळे पुसले. लोथार तेव्हा फलाटाचं घड्याळ पाहत होता, असं त्याचं म्हणणं आहे.

आम्ही तिच्याच गाडीने लाउटरफेल्डला परतलो, तिथे थांबलो आणि ओबरहाइनची पुढची गाडी पकडली. वाल्ट्राउटकडे पोहोचलो तेव्हा केक कापून झाला होता. ती आमच्यासाठी थांबली नव्हती आणि ते बरोबरच होतं.

डेटलेफने दार उघडलं. "या या. रेल्वे म्हणे! मामा, तूच सांगायचास ना, रेल्वेने निघालेला माणूस दुसऱ्या दिवशीच्या वाढदिवसाला पोहोचतो म्हणून?" सगळे हसले. हा विनोद मूळचा लोथारचाच होता. दर वर्षी तो सांगायचा.

"गाडी वेळेवर होती," लोथार कोट काढत म्हणाला. "सगळ्या गाड्या वेळेवर होत्या. आम्ही स्टाइनझेला जाऊन आलो."

"स्टाइनझेला?" वाल्ट्राउट म्हणाली. "रविवारी तिथे काय असतं?"

"उतार असतो." तो खुर्चीत बसला, तिने पुढे केलेली आलुबुखाराची दारू त्याने घेतली, आणि टेबलावरच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "माझी नात चालवत होती. वेन्के. ओले रूळ, पानं पडलेली, सगळी वळणं. माझ्यासमोर कप काठोकाठ भरलेला. रोझमारीचा निळा. लाउटरफेल्डपासून खालपर्यंत एक थेंब सांडला नाही."

"जा रे," डेटलेफ म्हणाला. "एकसुद्धा नाही?"

"एकार्टला विचार. तो खोटं बोलत नाही."

सगळे माझ्याकडे वळले. इतके लोक एकदम माझ्याकडे पाहू लागले की मला नेहमी घाम फुटतो. लोथारच्या खिशातून रुमालाचं टोक बाहेर आलं होतं. त्यावर तपकिरी डाग होता.

"एकसुद्धा नाही," मी म्हणालो. आणि माझा आवाज, माझं मलाच नवल वाटलं, अगदी स्पष्ट निघाला.