चार बोटं बाहेर

ऑफिसात त्यांना सगळे 'वेळापत्रक' म्हणायचे, तेही तोंडावर. रेल्वेच्या गाड्यांच्या वेळा जुळवत तीस वर्षं एका टेबलाशी बसल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, नाहीतर गुडघे धरून बसतात. वेळापत्रकांनी मागच्या खोलीत रेल्वे घातली.

खेळण्यातली म्हणायची सोय नव्हती. खेळण्यातली गाडी गोल गोल फिरते. यांची वेळेवर सुटायची. तीन स्टेशनं, एकेरी मार्ग, मालगाडीच्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी, त्यात काय भरलंय आणि तो कुठे सोडायचाय. भिंतीवरचं घड्याळ एका मिनिटात सहा मिनिटं धावायचं. स्टेशनांमधली अंतरं खोलीत बसतील इतकी आखडली होती, पण स्टेशनं मात्र जुन्या नकाशावरून, मीटरला साडेअकरा मिलिमीटर, तसूभर इकडेतिकडे नाही. रूळ गॅलरीच्या दारातून जात होते, तिथे फाटक होतं. बायकोला कपडे वाळत घालायचे तर बादली घेऊन ताटकळावं लागायचं.

"गाडी कुठाय?" ती विचारायची.

"उशिरा धावतेय."

"मग मी जाऊन येते."

"अगं, फाटक बंद आहे ना."

हा सगळा खटाटोप एका शेऱ्यासाठी होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एका आडमार्गाचं नवं वेळापत्रक केलं होतं. सहा डब्यांची पॅसेंजर मधल्या स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबेल, समोरची मालगाडी मुख्य रुळावरून निघून जाईल, रोजची चाळीस मिनिटं वाचतील. साहेबांनी लाल शाईत लिहिलं, 'मधल्या स्टेशनात गाडी मावत नाही.' आणि त्या वर्षीची बढती गेली वेळापत्रकांच्याच सख्ख्या साडूला, जो त्याच ऑफिसात पेन्सिली तासायचा. तेव्हापासून आमटीत मीठ कमी पडलं तरी वेळापत्रक साहेबांचा उद्धार करायचे.

आता साहेबांना रविवारी चार वाजता बोलावलं होतं. डोळ्यांदेखत गाडी मावून दाखवायची होती.

सहावा डबा आठ महिने वाट पाहायला लावून शनिवारी आला. दुपारी त्यांनी पूर्ण पॅसेंजर प्रथमच मधल्या स्टेशनात घेतली आणि समोरून मालगाडी सोडली. मालगाडीने पॅसेंजरच्या शेवटच्या डब्याला घासून आडवं केलं.

त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी बाजूचा रूळ जिथे फुटतो त्या सांध्यापासून तो परत मिळतो त्या सांध्यापर्यंत लांबी धरली होती. पण सांध्याजवळ दोन रूळ इतके जवळ येतात की तिथे डबा उभा करता येत नाही, हे रुळांवर राबणाऱ्या कुठल्याही खलाशाला माहीत असतं. टेबलावरच्या माणसाला नसतं. गाडीचं शेपूट चार बोटं बाहेर राहत होतं.

"आता?" बायकोने विचारलं.

त्यांनी करवत आणली. सांधा चार बोटं पुढे सरकवला, त्यासाठी फळी वाढवली, ती कपड्यांच्या कपाटाला टेकली.

"सगळं मापात होतं ना हो?"

"तू टॉर्च धर."

रविवारी साहेब आले. काठी, कानात यंत्र, दोन जिने चढल्याने लागलेली धाप. त्यांना स्टुलावर बसवलं. साडू मालगाडीच्या बटणापाशी, बायको मधल्या स्टेशनाचं हिरवं निशाण घेऊन. पॅसेंजर आली, बाजूच्या रुळावर थांबली. मालगाडी शेजारून खडखडत निघून गेली. मध्ये केसभर जागा उरली.

"मावली, साहेब," वेळापत्रक म्हणाले.

"छान आहे. नातवाची का?"

"साहेब, आडमार्गाचं वेळापत्रक. तुम्ही शेरा मारला होता, गाडी मावत नाही म्हणून."

साहेबांनी बिस्किट चहात बुडवलं. "हो का? मी तेच लिहायचो. 'मावत नाही' लिहिलं की पुढे कोणी काही विचारत नाही. वाचत कोण बसणार?"

"मग बढती? ती कशावर दिलीत?" वेळापत्रकांनी विचारलं. साडू गुणवत्तेचा दाखला ऐकायला पुढे सरकला.

साहेब साडूकडे वळले. "तुम्ही दाराजवळ बसायचात ना? हाक मारली की आधी तुम्ही यायचात."

साडूचं तोंड पडलं. बिस्किट कपात पडलं, ते चमच्याने काढून खाल्ल्यावर साहेब गेले.

साहेबांनी न वाचता लिहिलं होतं, आणि बरोबर लिहिलं होतं. हे खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातली एक कपाटापाशी उभी होती.

"अहो, याचं दार उघडत नाहीये. माझे कपडे आत आहेत."

वेळापत्रकांनी निमूटपणे वाढवलेली फळी काढली. सांधा जुन्या खुणेवर आणून बसवला. पॅसेंजर आत घेतली. शेपूट चार बोटं बाहेर.

साडूला यातलं काहीच कळलं नव्हतं. तो बटणावर बोट ठेवून बसलेला, भिंतीवरचं घड्याळ सहापट वेगाने पळत होतं.

"मालगाडीची वेळ होऊन गेली," तो म्हणाला. "सोडू?"

"नको," वेळापत्रक म्हणाले. "मावत नाही."

बायकोने निशाण गुंडाळून कपाटात ठेवलं.