बसत्या माणसांचं मचाण

काळुरामनं आयुष्यात शंभरेक मांडव बांधले असतील, पण लाथेनं चेंडू मारायचा खेळ त्यानं एकदाही पाहिला नव्हता. घात झाला तो तिथेच. आता न पाहिलेल्या गोष्टीचा अंदाज माणसानं बांधायचा तरी कसा, हे तुम्हीच सांगा.

कळव्याचा काळुराम म्हणजे ठाण्यापासून कल्याणापर्यंत वासे आणि काथ्या यांतला नावाजलेला माणूस. लग्नाचा मांडव म्हणा, पुराणाचा मंडप म्हणा, कीर्तनाला पायऱ्यापायऱ्यांचं मचाण म्हणा, तीन दिवसांत उभं करून देणार. त्याच्या आजानं बांधलेला मांडव वादळात टिकला आणि लग्नघरच कोसळलं, अशी गोष्ट कळव्यात अजून सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण त्या गोष्टीवर तीन पिढ्या जगल्या.

म्हणून तर कल्याणच्या कचेरीतल्या भाऊंनी त्यालाच बोलावणं धाडलं. भाऊ म्हणजे हेडक्लार्क, डोक्याला पगडी, अंगात काळा कोट आणि जिभेला धार. ठाण्याचे कारकून आणि कल्याणचे कारकून यांचा फुटबॉलचा सामना ठरला होता. पाहुणे आगगाडीनं येणार, बायकामुलं येणार, पलीकडे खुर्च्यांवर साहेबलोक बसणार.

"तीनशे माणसं बसतील असं मचाण पाहिजे," भाऊ म्हणाले.

"बसतील ना?" काळुरामनं विचारलं.

"बसतील नाही तर काय नाचतील? आणि खाली मोकळं ठेव, पाण्याचे रांजण ठेवायचेत."

झालं. काळुरामनं आठ पायऱ्यांचं मचाण उभारलं. खांब असे जाड की कवेत मावू नयेत, गाठी अशा की दातांनीही सुटू नयेत. फक्त तिरपे वासे घातले नाहीत. इमारतीची परांची बांधताना तो घालायचा, कारण तिथे गवंडी इकडून तिकडे फिरतो आणि सांगाडा हलतो. पण कीर्तनाला बसलेला माणूस आरतीपर्यंत उठत नाही. त्याचं वजन सरळ खाली जातं. तिरप्या वाशांची अडगळ कशाला, रांजणांना जागा नको का? सामन्याच्या दिवशी सकाळी भाऊंनी चार लोकांदेखत खांबाला हात लावून विचारलं, "काय काळुराम, टिकेल ना?" तेव्हा हा छाती काढून म्हणाला, "हत्ती उभा करा, भाऊसाहेब!" बोलून गेला बिचारा. मोठा घास घ्यावा, पण मोठं बोलू नये म्हणतात ते काय उगाच?

बायको ठमा आणि सहा वर्षांची बायजा त्याच्याबरोबर आल्या होत्या. बांधणाऱ्याच्या माणसांनाही जागा द्या, अशी गयावया करून त्यानं त्यांना सर्वांत वरच्या पायरीचा कोपरा मिळवून दिला होता. नवऱ्यानं बांधलेल्या मचाणावर बसायची ठमाची ही पहिलीच वेळ. ती लुगडं सावरून अशी बसली होती की बघत राहावं.

वरच्या तीन पायऱ्यांवर बायका आणि पोरं. खाली पुढे कल्याणची वडीलधारी मंडळी. मधे ठाण्याहून आलेले चाळीस तरुण, त्यांचा पुढारी मधु नावाचा कोर्टातला कारकून. आणि हे चाळीसजण बसतील तर शपथ! चेंडू हलला की उठले, चेंडू थांबला की हात वर करून ओरडले. मागच्या बायकांना दिसायचं काय, तर यांची धोतरं.

"अरे बसा की रे मेल्यांनो! आम्ही काय तुमच्या पाठी बघायला आलोय?" वरून एक आजी कडाडल्या.

"आजी, हा खेळ बसून बघायचा नसतो!" मधु म्हणाला, आणि सगळे हसले.

काळुराम खाली रांजणांपाशी होता. तोही हसला. तेवढ्यात मैदानात एकच गिल्ला झाला, ठाण्यानं चेंडू मैदानाच्या टोकाच्या दोन खांबांमधून घातला होता. चाळीसच्या चाळीस तरुण उठले आणि फळीवर दणादण उड्या मारू लागले.

डोक्यावर कर्रर्र वाजलं. काळुरामनं मान वर केली. मचाणाच्या खांबांची अख्खी रांग वीतभर पूर्वेकडे कलली, आणि परत आली. त्याच्या डोळ्यांसमोर एक गाठ चार बोटं खाली घसरली. वजन नुसतं खाली येत नव्हतं, आडवं धावत होतं, आणि आडव्याला धरणारं त्या मचाणात काही म्हणजे काही नव्हतं.

तो ओरडणार होता. तोंड उघडलंही. आणि तसंच मिटलं. अहो, 'पडतंय' म्हणून ओरडला असता तर काय झालं असतं? तीनशे माणसं एकदम उठली असती, एकदम धावली असती, आणि मचाण त्याच क्षणी खाली आलं असतं. गप्प बसावं तर पुढच्या उडीला मरण, ओरडावं तर आत्ताच. वरच्या कोपऱ्यात बायजा पाय हलवत बसली होती.

तो धावत मैदानाला वळसा घालून साहेबांच्या खुर्च्यांमागे उभ्या असलेल्या भाऊंकडे गेला. "भाऊसाहेब, मचाण हलतंय. माणसं हळूहळू उतरवा."

भाऊंनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग याच्याकडे. "सकाळी हत्ती उभा करत होतास ना? आता माणसं उभी राहिली तर बोंब? साहेबांच्या देखत पाहुण्यांना खाली उतरवून माझं नाक कापतोस का? जा, रांजण बघ!"

तो परत आला. मधुच्या पायाशी उभा राहून हात जोडले. "साहेब, जरा बसून घ्या. मागं बायामाणसं हायत."

"बसतो, काका, बसतो," मधु म्हणाला आणि खरंच बसला. चेंडू परत पुढे आला, आणि हा परत उठला.

मग काळुराम मचाणाखाली शिरला आणि सगळ्यांत सैल झालेल्या खांबाला त्यानं खांदा लावला. एका माणसाच्या खांद्यानं काय होणार होतं? काही नाही. पण करणार काय? वर आरोळी उठली की तो डोळे मिटायचा, खांदा दाबायचा आणि दातांखाली पुटपुटायचा, 'आत जाऊ नको, चेंडू, आत जाऊ नको.' कल्याणच्या कोणत्याही माणसानं त्या दिवशी ठाण्याच्या हारीसाठी एवढा जीव टाकला नसेल. घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. आपण बांधलं त्याच्याखालीच आपण अडकलोय, बायकोपोर वर आणि आपण खाली, हे मनात आलं तेव्हा त्याला रडूच फुटलं.

शिट्टी वाजली. अर्धा खेळ संपला, विश्रांती झाली. ठाणेकर दमून एकदाचे खाली बसले, आणि मधु जांभई देत म्हणाला, "भूक लागली बुवा. सकाळच्या गाडीनं निघालोय."

काळुरामच्या कानांवर ते पडलं मात्र, आणि त्याला वाट दिसली. माणसं न धावता, रांगेनं, मान ठेवून कशाला उठतात? पंगतीला! तो बाहेर आला, तोंड पुसलं, आणि जन्मात घातली नव्हती अशी खणखणीत हाक घातली.

"चला, पानं मांडलीत! पलीकडच्या धर्मशाळेमागं पंगत हाय. भाऊसाहेबांनी सांगितलंय, पाहुण्यांचा मान पहिला. मधली पायरी आधी, एकेक करून उतरा, पाट मोजून मांडलेत!"

"आचारी कोण?" मधुनं विचारलं.

"बामणच हाय, साहेब."

"गोड काय?"

"मना ठावं नाय. पण तुपाचा वास येत हुता."

तुपाचं नाव काढल्यावर कोण थांबतो? पण मानाची पंगत, तिथे धावायचं कसं? चाळीसजण उपरणी झटकत, एकमेकांना 'तुम्ही पुढे, तुम्ही पुढे' करत शिस्तीत उतरले. मचाण जरा सावरलं.

"आणि आम्ही काय वारा खायचा?" वरून आजी.

"बायांची पंगत वेगळी, आई. वरची पायरी आधी. सावकाश उतरा, लुगड्यात पाय अडकंल."

बायका उतरल्या. ठमा बायजाचा हात धरून उतरली आणि जवळून जाताना पुटपुटली, "अवो, तुमचं तोंड असं का झालंय?" त्यानं तिला नुसतं पुढे ढकललं.

राहिली खालच्या पायऱ्यांवरची कल्याणची मंडळी. ती काही उठेनात. "आम्ही यजमान. यजमान शेवटी जेवतात," त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला आणि त्यानं मांडी आणखी घट्ट घातली. काळुरामला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. "बरोबर हाय, बाबा," तो म्हणाला, "पण वाढायला माणसं कमी पडतात. यजमानांनी वाढायला यायचं, असा निरोप हाय." म्हातारा कुरकुरत उठला आणि त्याच्यामागून बाकीचे उठले.

मचाण रिकामं झालं. काळुराम जमिनीवर फतकल मारून बसला.

सुख किती वेळ टिकणार? धर्मशाळेमागे एक बकरी बांधलेली होती, दुसरं काही नव्हतं. पाच मिनिटांत तीनशे माणसं परत आली, आणि उपाशी माणसाच्या तोंडाला लागू नये म्हणतात. मधुनं येताच काळुरामची बंडी धरली. "थट्टा करतोस? पाहुण्यांची थट्टा?" पलीकडून भाऊ धावत आले, त्यांच्या पगडीचा पत्ता नव्हता. "माझ्या नावावर पंगत? अरे, कुणाला विचारून?"

"मचाण पडणार हुतं, भाऊसाहेब," काळुराम म्हणाला. आता लपवायला काही उरलं नव्हतं. "चूक माझी हाय. मी बसत्या माणसांचं बांधलं. उभ्या माणसांचं बांधलं नाय. तिरपे वासे नायत त्यात."

भाऊ तरातरा गेले, खांब दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिला. खांब तसूभर हलला नाही.

"हे पडणार होतं?" भाऊ लोकांकडे वळले. "हे? भित्रा आहेस तू, काळुराम! आणि आज हे मचाण खोटं म्हणतोस, तर आजवरचे तुझे शंभर मांडव कसले होते? उद्यापासून तुला मांडव सांगतो कोण ते बघतोच."

लोक हसले. तो मार त्याला वर्मी लागला. बापाचं नाव, आजाचं नाव, सगळं एका हसण्यात गेलं.

"चला रे वर, खेळ सुरू होतोय," मधु म्हणाला.

तेव्हा काळुराम उठला आणि सगळ्यांच्या आधी धडाधड पायऱ्या चढून वर गेला. मधल्या फळीवर उभा राहिला आणि उडी मारली. एकदा, दोनदा, दहादा. त्याच्या तीन पिढ्यांनी देवाकडे एकच मागणं मागितलं होतं, की बांधलेलं पडू नये. आणि हा उड्या मारत म्हणत होता, "पड, पड, पड एकदाचं!" ते मेलं पडेना. एका माणसाच्या वजनानं ते पडणारच नव्हतं. खाली लोक पोट धरून हसत होते. ठमानं पदर तोंडावर घेतला होता.

"मग या की वर!" तो ओरडला. त्याचा आवाज चिरकला. "सगळेच या! एकदम या, आणि उड्या मारा माझ्याबरोबर! या ना!"

हसणं थांबलं. मधु पहिल्या पायरीपाशी गेला. त्यानं शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याकडे. "तू हो पुढे," कोणीतरी म्हणालं. "मी येतोच मागून," दुसरं कोणी. मैदानात चेंडूला लाथ बसल्याचा आवाज आला, पण तिकडे कोणी मान वळवली नाही. पायरीवर पाय कोणीच ठेवीना.

"बा, मी येते!"

बायजा आईचा हात सोडवून निघाली होती. तिला वाटलं, बा हाका मारतोय आणि कोणीच जात नाही. दोन पायऱ्या ती चढलीसुद्धा.

"नको!"

काळुराम असा ओरडला की पलीकडे साहेब खुर्चीतून उठले. "बायजे, चढू नको! कुणी धरा तिला! देवा, धरा रे कुणीतरी!" तो गुडघ्यांवर बसला होता आणि दोन्ही हात पुढे करून तिला मागे लोटायचं करत होता, दहा हात लांबून. मधुनं झेप घेतली, पोरीला उचललं आणि पाठ दाखवून लांब पळाला. त्याच्याबरोबर सगळीच माणसं दहा पावलं मागे सरली.

मग कोणी हसलं नाही. मचाणावर काळुराम एकटा होता, आणि खाली तीनशे माणसं श्वास रोखून त्याच्या पायांकडे बघत होती. भाऊ पुढे आले, खांबापासून चांगले चार हात लांब थांबले, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "हळू उतर रे, काळुराम. एकेक पायरी. हळू."