पाणी मुरेपर्यंत

चिंतामणींनी माशांच्या टँकखालच्या कपाटातल्या डबा-फिल्टरचं झाकण काढलं, बाही वर सारली आणि तपकिरी गाळाने माखलेला जाड स्पंज अलगद उचलून बाजूच्या बादलीत ठेवला. बादलीत टँकमधलंच पाणी होतं. मग त्यांनी जाळीच्या पिशवीतल्या सिरॅमिक रिंग्ज बाहेर काढल्या. एके काळी पांढऱ्याशुभ्र असलेल्या त्या रिंग्ज आता चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. मूठभर रिंग्ज त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत टाकल्या आणि त्या बुडतील एवढं पाणी ओतलं. आणखी थोड्या हातात घेतल्या, पिशवीच्या तोंडाशी धरल्या, आणि पुन्हा फिल्टरमध्येच सोडल्या.

"अहो, चहा निवतोय," आतून कालिंदीबाई म्हणाल्या.

"आलो."

पिशवीला गाठ मारून त्यांनी ती भाजीच्या पिशवीत तळाशी ठेवली. वरून वर्तमानपत्र घातलं. चहा उभ्याउभ्याच घेतला आणि जरा जाऊन येतो म्हणून जिना उतरले. कुठे जाताय, असं कालिंदीबाईंनी विचारलं नाही. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते संध्याकाळी असे निघायचेच, कधी शिवाजी पार्कला, कधी वाचनालयात. दादर टीटीहून मिळालेल्या बसमध्ये बसल्यावर त्यांनी ती पिशवी मांडीवर घेतली आणि तळाला हात लावून पाणी गळत नाही ना, ते पाहिलं.

मनवाचा फोन आला होता तेव्हा कालिंदीबाई देवळात गेल्या होत्या. "मी मनवा बोलतेय," असं ती म्हणाली होती, जणू आवाज ओळखायचा राहिला असता. डिलाईल रोडला भाड्याने जागा घेतली आहे, तिथे नवीन टँक लावतेय. तुमच्या फिल्टरमधलं थोडं जुनं सामान मिळेल का? मीच येऊन नेलं असतं, पण... पुढचं ती बोलली नाही. चिंतामणी लगेच म्हणाले होते, "मी आणून देतो. तू कशाला येतेस."

मनवा त्यांची सून होती. त्यांचा मुलगा यशोधन आणि ती वेगळे झाले त्याला वर्ष उलटून गेलं होतं. भांडण कुणी ऐकलं नव्हतं. दोघांनी एका रविवारी जेवणानंतर शांतपणे सांगितलं, सह्या झाल्या, आणि यशोधन रॉटरडॅमला निघून गेला. मनवा गेली तेव्हा तिच्या सामानात टँक नव्हता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी हौसेने तिनेच तो आणला होता, पाणी कसं बदलायचं, स्पंज कसा पिळायचा, ते सासऱ्यांना तिनेच शिकवलं होतं. पण मासे हलवणं अवघड म्हणून तो दादरलाच राहिला. त्या दिवशी कालिंदीबाईंनी एवढंच म्हटलं होतं, "फोन आला तर नीट बोला. पण आपण होऊन जायचं नाही. तिला पुढे जाऊ दे." त्यानंतर त्यांनी घरात तिचं नाव काढलं नाही. चिंतामणींनीही काढलं नाही.

मनवाची जागा एका नव्या इमारतीत होती, पण खिडकीतून समोर जुन्या चाळीची गॅलरी दिसत होती. भिंतीलगत टँक होता. वाळू घातलेली, पाणी भरलेलं, दिवा लागलेला, आणि आत एकही मासा नाही. चिंतामणी चपला काढून आधी त्याच्याचकडे गेले.

"फिल्टरमध्ये काय काय घातलंस?"

"दुकानदाराने दिलं ते सगळं. कापूस, कोळशाची पुडी, ते बायोबॉल."

"कोळसा काढ. पाण्यात औषध घातलं असेल तर ते काढून घ्यायला ठीक असतो. एरवी उगीच जागा अडवतो. ती जागा रिंग्जना दे. आणि कापूस सगळ्यात शेवटी, नाहीतर तोच आधी तुंबतो."

"हो, तेवढं आठवतंय मला," ती हसून म्हणाली आणि कोळशाची पुडी काढून ओट्यावर ठेवली.

त्यांनी पिशवी सोडली. चहाच्या रंगाच्या रिंग्ज तिच्या नव्या, खडूसारख्या रिंग्जमध्ये मिसळल्या. मनवा डब्यात पाहत राहिली. काहीतरी विचारेल असं त्यांना वाटलं, पण तिने झाकण लावून बटण दाबलं.

नव्या पाण्यात मासे सोडले तर ते आपल्याच घाणीने मरतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या घाणीतला अमोनिया खाऊन टाकणारे जीवाणू आधी फिल्टरमध्ये वाढावे लागतात. तोवर रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजू द्यायचं, आणि वाट पाहायची. मुरलेल्या फिल्टरमधलं भरपूर सामान नव्यात घातलं तर ही वाट जवळपास संपते. थोडंसं घातलं तर काम चालू होतं, पण आठवडे लागतात. आणि तेवढे आठवडे कुणाला तरी येऊन पाणी तपासावं लागतं.

"पुढच्या आठवड्यात येऊन बघतो," चिंतामणी म्हणाले. "टेस्ट किट आहे माझ्याकडे."

"या ना," मनवा म्हणाली.

ते येत राहिले. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, आणि रंग ठरेपर्यंत बसायचं. त्या वेळात मनवा चहा करायची. ऑफिसातलं सांगायची, समोरच्या चाळीतल्या बाई रोज गॅलरीत सुकट वाळत घालतात आणि मांजरं कशी रांग लावून बसतात, ते सांगायची. यशोधनबद्दल कुणीच बोलायचं नाही. एकदा तिने, "आईंचा गुडघा कसा आहे?" असं विचारलं. चिंतामणींनी बरा आहे म्हणून सांगितलं आणि नळी उजेडासमोर धरली. अमोनिया संपला असता तर ती पिवळी व्हायला हवी होती, पण हिरवीच होती.

"अजून वेळ आहे," ते म्हणाले. आपल्या आवाजात वाईट वाटल्याचा सूर नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नळी धुतली आणि पुसायला जरा जास्तच वेळ घेतला.

दर खेपेला घरून निघताना ते आपल्या फिल्टरमधून आणखी काही काढून नेता येईल, असा विचार करत. आणि दर खेपेला रिकाम्या हाताने जात.

एका संध्याकाळी नळी हातात असतानाच दारात किल्ली फिरली. पाठीला लॅपटॉपची सॅक लावलेला एक उंच, सावळा मुलगा आत आला. त्याने बूट काढून रॅकवर ठेवले. दरवाजामागे हात घालून सॅक अडकवली, तिथे हुक आहे हे बघावंही न लागता.

मनवा ओट्यापाशी होती. ती वळली.

"स्वप्नील, हे..." ती थांबली. "टँक यांचा आहे. म्हणजे आधीचा, मोठा."

"बाबा ना? ओळखलं मी," स्वप्नील म्हणाला. त्याने वाकून नमस्कार केला. आणि सरळ होत विचारलं, "आज पिवळा आला का?"

"नाही," चिंतामणी म्हणाले.

चहा तिघांनी घेतला. स्वप्नील कमी बोलला. बशीत सांडलेला चहा त्याने गुपचूप कपात परत ओतला. चिंतामणी निघाले तेव्हा तो त्यांना सोडायला लिफ्टने खाली आला.

"ती ऑफिसमधून आली ना, की आधी टँकसमोर बसते," तो लिफ्टच्या आकड्यांकडे बघत म्हणाला. "मी म्हटलं, अगं आत काही नाहीये. तर म्हणते, पाणी बघतेय. परवा मी म्हटलं, बाटलीत मिळतात ते बॅक्टेरिया आणू का, ऑनलाइन आहेत. म्हणाली, नको. बाबा सांगतील तेव्हाच मासे आणायचे."

"असं म्हणाली?"

"हो. म्हणून विचारतो, साधारण किती दिवस लागतील? तिला सांगू नका मी विचारलं."

लिफ्टचं दार उघडलं. चिंतामणी पुढे चालत गेले. फाटकाशी आल्यावर म्हणाले, "होईल आता. लवकरच होईल."

बस आली, पण ते चढले नाहीत. चालतच निघाले. परळच्या बाजूला वळल्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ टेकले, आणि मग पुढची बस घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदीबाई भाजीला गेल्यावर त्यांनी फिल्टर बंद केला. मोठा स्पंज, तसाच्या तसा, झाकणाच्या डब्यात घातला. रिंग्जची जाळी पूर्ण रिकामी केली. स्वतःसाठी तळाशी थोड्याशाच ठेवल्या. दादरच्याच दुकानातून आणलेला नवा स्पंज त्या जागी बसवला. निळा होता तो, दुकानाचा वास अजून त्याला येत होता. टँकमध्ये काही छोटे टेट्रा मासे आणि काचेला चिकटून असलेला म्हातारा सकर मासा होता. सकरने तोंड हलवलं. चिंतामणींनी दिवा मालवला आणि टॅक्सी बोलावली.

शनिवार होता, मनवा घरी होती. तिने डबा उघडला आणि आत पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं.

"एवढं? मग तुमच्याकडे काय राहिलं?"

"नवीन घातलंय. मासे कमीच आहेत आता."

स्वप्नील अंघोळ करून आला तेव्हा चिंतामणींनी त्यालाच जवळ बोलावलं. "हा कधी धुवायचा झाला तर टँकच्या पाण्यात पिळायचा. नळाखाली धरायचा नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जे मुरलंय ते सगळं मरतं. आणि स्वच्छ करायला जायचं नाही. घाण दिसली तरी थोडी राहू द्यायची." स्वप्नीलने हात बुडवून स्पंज आत बसवला. घाई केली नाही. कडेने दाबत दाबत, कुठे पोकळ राहू न देता त्याने तो बसवला आणि हाताला लागलेला गाळही टँकच्याच पाण्यात विसळला.

तो टॉवेल आणायला आत गेला. मनवा डब्याचं झाकण हातात घेऊन उभी होती.

"मला वाटलं होतं तुम्ही थोडं थोडंच द्याल," ती म्हणाली.

चिंतामणींनी रिकामा डबा पिशवीत ठेवला.

"मूठभर रिंग्जनी काही होत नाही. तुम्हाला मीच शिकवलंय." ती झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मीही काही बोलले नाही."

"उद्या एकदा नळीत पाणी बघा. पिवळं आलं आणि दुसऱ्या, नायट्राइटच्या नळीत जांभळं नाही आलं, की चार-पाच मासे सोडा. एकदम भरू नका."

"तुम्ही येणार नाही बघायला?"

"आता लागायचं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून टेस्ट किट काढून ओट्यावर ठेवलं. मनवाने चहाचं आधण ठेवलं होतं, ते त्यांनी उकळू दिलं. प्यायले. निघताना तिने त्यांच्या पायाला हात लावला.

घरचा टँक पाचव्या-सहाव्या दिवशी बिघडला. पाणी दुधाळ झालं. चिंतामणी दुपारचे पडले होते, तेव्हा कालिंदीबाईंनी हाक मारली.

"अहो, हे मासे वर का आलेत सगळे? तोंडं बघा कशी करताहेत."

त्या टँककडे कधी फिरकत नसत. चिंतामणी उठून आले. टेट्रा पृष्ठभागाला लटकून भराभर तोंड उघडमीट करत होते. त्यांनी पाइप घेतला, पाणी बादलीत काढायला लागले. बादली भरली, ती उचलताना कलली आणि पाणी लादीवर सांडलं. कालिंदीबाईंनी दुसऱ्या बाजूने कडी धरली. दोघांनी मिळून ती मोरीत नेऊन ओतली.

"किती दिवस असं करायचं?"

"नवीन स्पंज मुरेपर्यंत. रोज थोडं."

"आणि जुना कुठे गेला?"

फाटला म्हणून सांगता आलं असतं. चिंतामणींनी नव्या पाण्यात क्लोरीन मारायचे थेंब टाकले, बादली ढवळली.

"मनवाला दिला."

कालिंदीबाईंनी फडकं घेतलं आणि गुडघा सांभाळत खाली बसून लादीवरचं पाणी टिपायला लागल्या. टँकच्या पायापासून दारापर्यंत त्यांनी ते पुसलं. फडकं पिळलं. पुन्हा पुसलं.

"जागा कशी आहे?"

"एक खोली आणि स्वयंपाकघर. उजेड चांगला येतो."

"एकटीच असते?"

"नाही. स्वप्नील म्हणून आहे एक."

त्या बराच वेळ फडकं पिळत राहिल्या. त्यातून पाणी यायचं थांबलं होतं.

"बरा आहे का?"

चिंतामणींनी पाइप खाली ठेवला. मुलीसाठी बघितलेल्या स्थळाबद्दल आईने विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं, आणि तसंच सांगायला हवं होतं.

"बरा आहे," ते म्हणाले. "घाई करत नाही."

कालिंदीबाईंनी मान हलवली. भिंतीला धरून उठल्या, आणि दुसरी बादली नळाखाली लावली.