उजवा गाल

धाकट्याचं सलून सोमवारी बंद असायचं, आणि तोच दिवस थोरल्याच्या दाढीचा. जन्मभर बस चालवलेल्या थोरल्याला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. तेव्हापासून धाकटा आपली पेटी घेऊन त्याच्या घरी यायचा.

उजव्या बाजूची संवेदना कदाचित परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या ‘कदाचित’वर वहिनी दिवस ढकलत होती. रोज सकाळी ती नवऱ्याच्या उजव्या गालावर बोट टेकवून विचारायची, “कळतंय का हो?” थोरला मान डोलवायचा.

“भावोजी, हल्ली चांगलं कळायला लागलंय बरं का त्यांना,” असं सांगून ती चहा टाकायला आत गेली.

धाकट्यानं फेस लावला, वस्तरा उघडला आणि नेहमीसारखी टकळी सुरू केली. “दादा, काल एक गिऱ्हाईक आलं. डोक्यावर नावाला चार केस. मला म्हणतं, जरा दाट दिसतील असे काप!”

थोरल्याचं अर्धं तोंड खदखदून हसलं. मान हलली आणि वस्तरा उजव्या जबड्यापाशी लागला. फेसात लाल रेघ उमटली.

“अरेरे! चुकलो रे दादा!”

थोरला अजून त्या चार केसांवरच हसत होता.

धाकट्यानं वस्तरा बाजूला ठेवला. लहानपणी नुसतं कोपर खरचटलं तरी हाच दादा अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचा. धाकट्यानं जखम पाण्यानं धुतली, स्वच्छ कापड दाबून धरलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे ते लवकर थांबेना. मग त्यानं ओली तुरटी लावली आणि दादाच्या डोळ्यांकडे बघत राहिला. एखादी शिवी यावी, निदान भुवई तरी आक्रसावी! दादा मात्र गोष्ट पुढे ऐकायची वाट बघत होता.

वहिनी कप घेऊन बाहेर आली. “अगं बाई, रक्त! दुखलं का हो फार?”

थोरल्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काहीतरी झालंय हे त्याला तिथं कळलं. त्यानं लगेच तोंड वाकडं केलं, कण्हला आणि चांगला हात गालावर दाबला. डाव्या गालावर.

वहिनीनं कप खाली ठेवले. त्याच्याजवळ बसली, त्याचा हात हलकेच बाजूला केला. “थांबा, फुंकर घालते,” म्हणाली, आणि त्या धडधाकट डाव्या गालावर हळूहळू फुंकर घालत राहिली. धाकटा पाठ फिरवून धुतलेलाच ब्रश पुन्हा धूत बसला.

निघताना ती दारापर्यंत आली. “कधीपासून नुसतेच हो म्हणत असतील हो?”

“तुमचं मन राखत होता, वहिनी.”

“आणि मी रोज विचारून विचारून त्यांना खोटं बोलायला लावत होते.” तिनं पदर तोंडाला लावला.

संवेदना पुढेही परतली नाही. वहिनीनं विचारणं सोडलं. संध्याकाळी ती दिव्याखाली त्याचा उजवा हात, तळवा, टाच उलटसुलट करून बघू लागली. एकदा पलंगाची कड लागून पायाच्या अंगठ्याचं सालटं निघालेलं सापडलं. तिनं ते धुतलं, टिपलं, पट्टी बांधली. थोरला शांतपणे बघत होता, दुसऱ्या कुणाचा तरी पाय असावा तसा.