फळ्यामागचा कागद

मित्रांनो, काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात, जेवणघराच्या भिंतीवर एक काळा फळा होता, तो मी. आता गोदामात भिंतीकडे तोंड करून उभा आहे. सुताराने मला चांगल्या लाकडातून घडवलं, पण पहिली बारा वर्षं माझ्यावर फक्त फुटलेल्या बाटल्यांचा आकडा लिहिला गेला. माझ्याकडे कुणी प्रेमाने पाहिलं नाही.

मग दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई येऊ लागल्या. पगारातून शिल्लक कशी टाकायची, विमा म्हणजे काय, हे त्या कामगारांना शिकवत. सगळे त्यांना हिशेबबाई म्हणत. सुरुवातीला लोक माझ्यासमोर खुशाल डुलक्या काढत. पण बाई चिवट होत्या. हळूहळू डबे बाजूला सरकले, वह्या निघाल्या. माझा ऊर भरून आला.

एका गुरुवारी बाईंनी विचारलं, कंपनीच्या विम्यावर वारस म्हणून कुणाचं नाव दिलंय, ते आठवतं का? भट्टीवर काम करणाऱ्या एका दादांनी मान खाली घातली. नोकरीला लागताना ते एकटे होते, म्हणून थोरल्या भावाचं नाव दिलेलं. आता घरी बायको होती, लहान मुलगी होती, आणि भावाशी तर बोलणंही उरलं नव्हतं. बाईंनी तिथेच नवा अर्ज भरून घेतला, सही करवली आणि बजावलं, "हा ऑफिसच्या खिडकीत पोचला तरच खरा. आजच द्या."

खिडकी माझ्यापासून वीस पावलांवर, पण जेवणाच्या सुट्टीत बंद. आणि भट्टीवर खिशात कागद नेता येत नसे, ठिणगी पडते. म्हणून सगळे भट्टीवाले आपले कागद माझ्यामागे खोचत आणि सुटताना नेत. दादांनीही अर्ज खोचला. त्या दिवशी त्यांना जादा पाळी लागली, सुटेपर्यंत खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, उद्या बघू. अर्ज घसरत घसरत माझ्या चौकटीच्या खाचेत जाऊन अडकला.

सात महिन्यांनी भट्टीत स्फोट झाला. दादा गेले.

त्यांची बायको ऑफिसात आली. कारकुनाने नोंद काढली, तर नाव थोरल्या भावाचंच. वहिनी माझ्याखालच्या बाकावर येऊन बसल्या. पाणी घेऊन आलेल्या कारकुनाला म्हणाल्या, "तुझं नाव लावून आलो, असं सांगितलं होतं मला. खोटं बोलले माझ्याशी."

त्यांच्या डोक्याच्या वीतभर वर तो अर्ज होता. मला तोंड नाही, मित्रांनो. त्या दिवशी मला माझाच राग आला.

भावाने पैसे उचलले आणि दार लावून घेतलं. वहिनी त्याच कारखान्यात बाटल्या धुवायला लागल्या. गुरुवारचा वर्ग बंद झाला. साहेबांच्या मते त्यात कामाचा वेळ जात होता.

तीन वर्षांनी भिंत रंगवायला मला उतरवलं आणि अर्ज खाली पडला. कारकुनाने तो ओळखला. आता त्याचा काही उपयोग नव्हता, तरी त्याने तो वहिनींना आणून दिला. त्यांनी ओले हात पुसले. सही बराच वेळ पाहिली.

"म्हणजे निम्मंच खोटं बोलले," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कामाला गेल्या.

मित्रांनो, माझ्यावरचं तुम्ही वाचाल, वहीत उतरवून घ्याल. माझं काम तिथे संपतं. खिडकीपर्यंतची वीस पावलं मला चालता येत नाहीत. ती तुम्ही चाला, आणि त्याच दिवशी चाला.